पाणी काचेसारखं दिसतंय, पण जंतूंचं काय? एसटीपीतला ‘पडदा’ नेमकं काय अडवतो

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण एकाएकी वाढले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस हा विषाणूही सापडला. त्या साथीचा संबंध सोसायट्यांच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पांशी, म्हणजे एसटीपीशी, जोडायचं काही कारण नाही. पण तेव्हापासून लोक पाण्याबद्दल जरा वेगळे प्रश्न विचारू लागले आहेत, आणि त्यातला एक प्रश्न फार रास्त आहे: आमच्या फ्लशला आणि बागेला जे एसटीपीचं पाणी येतं, त्यात हे जंतू असतात का? बिल्डरनं तर सांगितलंय की आपल्याकडे एमबीआर, म्हणजे पडद्यातून पाणी गाळणारा एसटीपी आहे, पाणी एकदम नितळ.

हे दोन जंतू उत्तर समजून घ्यायला सोयीचे आहेत. एमबीआरमधला पडदा यातल्या एकाला, कॅम्पायलोबॅक्टरला, सहसा त्याच्या आकारामुळेच अडवतो. दुसरा, नोरोव्हायरस, त्या पडद्याच्या छिद्रातून आरामात जाईल इतका बारीक आहे, तरीही चांगल्या चालवलेल्या प्रकल्पात त्यातलेही बहुतेक अडतात. ते कसे अडतात, हे कळलं की प्रकल्प कुठे बिघडतो तेही कळतं.

सांडपाण्यात असतं कोण?

रोग पसरवणारे पाहुणे चार प्रकारचे. जंतांची अंडी, एकपेशीय परजीवी (जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम), जीवाणू (ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर) आणि विषाणू (नोरोव्हायरस, रोटाव्हायरस, कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई). या सगळ्यांची मापं मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

गोल जंताचं अंडं साधारण ५० मायक्रॉनचं. क्रिप्टोस्पोरिडियम ४ ते ६ मायक्रॉन. ई. कोलाय अर्धा मायक्रॉन जाड आणि एक-दोन मायक्रॉन लांब, कॅम्पायलोबॅक्टर त्याहून थोडा सडपातळ. नोरोव्हायरस मात्र ०.०३ मायक्रॉनच्या आसपास.

आकडे डोक्यात राहत नाहीत, म्हणून असं करू. पडद्याचं छिद्र ०.०४ मायक्रॉनचं असतं, ते फुगवून एक सेंटिमीटरचं झालं असं धरू. त्याच प्रमाणात कॅम्पायलोबॅक्टर दुधीभोपळ्याएवढा होतो, क्रिप्टोस्पोरिडियम सव्वा मीटरचा गोळा आणि जंताचं अंडं चार मजली इमारतीएवढं. नोरोव्हायरस होतो हरभऱ्याच्या दाण्याएवढा. एक सेंटिमीटरच्या भोकातून दुधी जाणार नाही. हरभरा जाईल.

एमबीआर म्हणजे काय?

मेम्ब्रेन बायोरिॲक्टर या नावात दोन कामं आहेत. ‘बायोरिॲक्टर’ म्हणजे जिवाणूंची टाकी. हवा सोडून सांडपाण्यात उपयोगी जीवाणू वाढवायचे आणि त्यांना घाण खाऊ द्यायची. हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. ‘मेम्ब्रेन’ म्हणजे पडदा. जुन्या पद्धतीत हा जिवाणूंचा गाळ आणि स्वच्छ पाणी वेगळं करायला संथ टाकीत गाळ तळाशी बसू देतात. एमबीआरमध्ये गाळ बसायची वाट न बघता पाणी पडद्यातून ओढून घेतात. पडदा थेट टाकीत बुडवायची कल्पना जपानमध्ये १९८९ मध्ये पुढे आली आणि तिथून हे तंत्र खऱ्या अर्थानं परवडू लागलं.

दोनशे घरांची सोसायटी घ्या. घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, आणि त्यातल्या साधारण ८० टक्क्यांचं सांडपाणी होतं असं धरलं तर दिवसाला साधारण एक लाख दहा हजार लिटर सांडपाणी. ते आधी जाड जाळीतून आणि तेल-तवंगाच्या टाकीतून जातं. मग इक्वलायझेशन टाकीत साठतं, कारण सकाळी सात ते दहा धो धो येतं आणि दुपारी जवळजवळ येतच नाही. पुढे एक ते दोन मिलिमीटरची बारीक जाळी, मग हवा सोडलेली टाकी, आणि शेवटी मेम्ब्रेनची टाकी. या टाकीतलं पाणी बघाल तर कॉफीसारखं दाट, तपकिरी. लिटरमागे आठ ते बारा ग्रॅम गाळ. साध्या पद्धतीत हे प्रमाण तीन-चार ग्रॅम असतं.

मेम्ब्रेन दोन रूपांत मिळतात. एक सपाट पाट्यांच्या रूपात, एकमेकींपासून सहा-आठ मिलिमीटर अंतरावर उभ्या लावलेल्या. त्यांची छिद्रं बऱ्याचदा ०.२ ते ०.४ मायक्रॉनची, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या भोकापेक्षा बरीच मोठी. दुसरं रूप पोकळ तंतूंचं. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या, आतून पोकळ, पांढऱ्या शेवयांची जुडीच म्हणा ना. पाणी बाहेरून आत झिरपतं आणि पंप ते आतल्या पोकळीतून ओढतो. तासाला दर चौरस मीटरमधून पंधरा-वीस लिटरच काढायचे असतात, म्हणून पडदा भरपूर लागतो. आपल्या दोनशे घरांसाठी सुमारे ३८० चौरस मीटर, म्हणजे पावणेपाच बॅडमिंटन कोर्टं. तेवढं सगळं तंतूंच्या रूपात एका लहान खोलीएवढ्या टाकीत मावतं. जागा महाग असलेल्या शहरांत एमबीआर लोकप्रिय आहे ते याचमुळे.

हरभरा भोकात अडकतो कसा?

चक्का टांगताना कधी नीट पाहिलंय? मलमलीच्या फडक्यात दही बांधून टांगलं की पहिली पाच मिनिटं खाली पांढुरकं, गढूळ पाणी गळतं. फडक्याची वीण दह्याच्या कणांना पुरती अडवत नाही. थोड्या वेळानं फडक्याच्या आतून दह्याचाच एक थर बसतो आणि मग गळणारं पाणी नितळ पिवळसर होतं. फडकं तेच, वीण तीच. आता खरी गाळणी त्या थराची असते.

मेम्ब्रेनवर हेच घडतं. पंप सुरू झाला की पडद्यावर गाळाचा आणि जिवाणूंच्या चिकट स्रावाचा एक पातळ लेप बसतो. त्यातल्या वाटा छिद्रांपेक्षाही अरुंद आणि वाकड्यातिकड्या असतात. शिवाय तो चिकट असतो. विषाणू तिथे रुततो. नव्या कोऱ्या ०.४ मायक्रॉनच्या पडद्यातून विषाणू जवळजवळ तसेच पार होतात. तोच पडदा काही दिवस चालला की कितीतरी पटींनी जास्त विषाणू अडवतो.

हा लेप एकटा नाही. पडद्याशी पोचण्याआधीच बरेचसे विषाणू गाळाच्या पुंजक्यांना चिकटलेले असतात, आणि पुंजका छिद्रापेक्षा शेकडो पटींनी मोठा. म्हणजे हरभरा एकटा नाही, पोत्यात बांधलेला येतो. शिवाय टाकीत मोठे एकपेशीय जीव असतात, ते जिवाणूंना खातात. गाळ टाकीत पंधरा-वीस दिवस किंवा अधिक मुरतो, तेवढ्या काळात अडकलेले पुष्कळ जंतू मरतात. म्हणून गाळ वारंवार उपसून टाकणारा किंवा हवा बंद ठेवणारा ऑपरेटर नकळत विषाणूंची वाट मोकळी करत असतो. पडदा कितीही भारी कंपनीचा असला तरी.

इथे एक पेच आहे, आणि प्रकल्प चालवण्याचं सगळं कसब त्यात आहे. लेप जाड झाला की पाणी ओढायला जोर लागतो. हा जोर पंपाजवळच्या गेजवर दिसतो, त्याला टीएमपी म्हणतात. स्वच्छ पडद्यावर तो ०.१ बारच्या आसपास, ०.३ बारपुढे गेला की धुवायची वेळ आली. लेप फार जाड होऊ नये म्हणून पडद्याखालून सतत हवेचे मोठे बुडबुडे सोडतात आणि दर आठ-नऊ मिनिटांनी एक-दोन मिनिटं पंप थांबवतात. आठवड्याला सौम्य हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) धुणं आणि वर्षातून दोन-तीन वेळा कडक धुणं असा क्रम असतो.

कडक धुण्यानंतर पडदा पुन्हा नवा, म्हणजे विषाणूंसाठी पुन्हा उघडा. पहिल्या पाच मिनिटांच्या चक्क्याच्या पाण्यासारखी ही वेळ. धुण्यानंतर सुरुवातीचं पाणी वापराच्या टाकीत न सोडता परत मागच्या टाकीकडे वळवायचं, गढूळपणाचं मीटर स्थिरावलं की मगच पुढे सोडायचं. यासाठी एक टी-जोड आणि दोन व्हॉल्व्ह लागतात. कित्येक लहान प्रकल्पांत ते बसवलेलेच नसतात, आणि ही चूक आराखड्यातली असते, ऑपरेटरची नाही.

‘९९ टक्के जंतू गेले’ म्हणजे किती राहिले?

सांडपाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्ध्या पेल्यात, मलजन्य कोलिफॉर्म जीवाणू एक कोटीपर्यंत सहज असतात. हे जीवाणू मोजतात कारण ते असले की विष्ठेचा संपर्क आहे हे नक्की. एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरले. म्हणून या क्षेत्रात टक्के वापरत नाहीत, शून्यं मोजतात. एक शून्य खोडलं म्हणजे एक ‘लॉग’. ९९ टक्के म्हणजे जेमतेम दोन लॉग.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१७ च्या निकषांनुसार एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म हजाराच्या आत हवेत. राष्ट्रीय हरित लवादानं ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ही मर्यादा आणखी खाली, २३० वर आणली. एक कोटीवरून २३० च्या खाली यायचं तर जवळपास पावणेपाच लॉग लागतात. धड पडदा जिवाणूंच्या बाबतीत हे एकट्यानं करू शकतो. पाच-सहा लॉगही मिळतात.

विषाणूंचं चित्र वेगळं. ऑस्ट्रेलियातल्या प्रमाणन पद्धतीत, प्रत्येक प्रकल्पाची वेगळी चाचणी न करता, ठरलेल्या मर्यादांत चालणाऱ्या एमबीआरला जिवाणूंसाठी ४, परजीवींसाठी २ आणि विषाणूंसाठी दीड लॉगचंच श्रेय देतात. दीड लॉग म्हणजे बत्तीसातला एक पार होतो. प्रत्यक्षात बरेच प्रकल्प याहून चांगलं काम करतात. तरी आरोग्याच्या हिशेबात वाईट दिवसाचाच आकडा धरावा लागतो, आणि ते योग्य आहे. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण माणसाला आजारी पाडायला पुरतात.

याच्या शेजारी एक आकडा ठेवा. सांडपाण्यावर पिकवलेली आणि कच्ची खाल्ली जाणारी भाजी सुरक्षित व्हायला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनानुसार एकूण सहा-सात लॉग घट लागते, प्रकल्प, शेतातला काळ आणि धुणं सगळं धरून. तेव्हा सोसायटीच्या बागेत एसटीपीच्या पाण्यावर कोथिंबीर आणि पालक लावायचा उत्साह आवरावा. जास्वंद, सोनचाफा, हिरवळ खुशाल वाढवा, तीही शक्यतो ठिबकनं. फवारा उडवायचाच तर पहाटे, लोक फिरायला यायच्या आधी.

एक तंतू तुटला तर काय बिघडतं?

या लेखातला एकच हिशेब लक्षात ठेवायचा तर तो हा.

समजा तंतू तुटल्यामुळे किंवा सांध्याची रबरी कडी निसटल्यामुळे दहा हजार लिटरमागे एक लिटर न गाळलेलं पाणी पार होतंय. टाकीतल्या गाळाचं प्रमाण लिटरला १०,००० मिलिग्रॅम. दहा हजारांत एक मिसळलं म्हणजे शुद्ध पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅम गाळ. पाण्याचा गढूळपणा एनटीयू या मापात मोजतात आणि डोळ्यांना तो साधारण चारच्या पुढे जाणवतो. एक मिलिग्रॅम गाळानं एकाच्या आसपासचा गढूळपणा येतो. म्हणजे पाणी पेल्यात धरून बघितलं तरी काचेसारखंच.

आता त्याच गळतीत कोलिफॉर्म मोजा. एक कोटी भागिले दहा हजार, म्हणजे १०० मिलिलिटरमागे एक हजार. मर्यादा २३०. पाणी नितळ आहे आणि नापासही आहे.

म्हणून कमिटीच्या बैठकीत बाटली उजेडात धरून “बघा किती स्वच्छ” म्हणणं हा पुरावा होत नाही. पुरावा गढूळपणाच्या मीटरचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पुनर्वापराच्या नियमात पडद्यातून आलेलं पाणी पाच टक्क्यांहून जास्त वेळ ०.२ एनटीयूच्या वर जाता कामा नये आणि ०.५ च्या वर कधीच नाही. आपल्याकडचे प्रकल्पही हेच आकडे इशारा म्हणून वापरू शकतात. कोलिफॉर्मची चाचणी हवीच, पण तिचा निकाल यायला एक-दोन दिवस किंवा अधिक लागतात, तोवर पाणी फ्लशमधून गेलेलं असतं. विषाणूंची नेहमीची चाचणी तर कुणी करतच नाही.

गेजचा एक इशाराही बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. टीएमपी वाढला की सगळे धावतात. धुणं न करता तो अचानक उतरला की मात्र ऑपरेटर खूश होतो, पंपाला बरं झालं म्हणून. अशा वेळी पाणी पडद्यातून न येता सोप्या वाटेनं येत असू शकतं. टीएमपी खाली आणि गढूळपणा वर अशी जोडी दिसली तर पंप थांबवून प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे तंतूंच्या प्रत्येक जुडीच्या, नळीतून वेगळा नमुना घ्यायचा. दोषी मॉड्यूल सापडलं की ते पाण्यात बुडवून आतून हळू हवा देतात. जिथून बुडबुड्यांची सलग माळ येते तो तंतू तुटलेला. त्याची उरलेली दोन्ही टोकं बंद करतात. हजारो तंतूंतले पाच-दहा बंद झाले तर पाण्याच्या मापात काही फरक पडत नाही.

तंतू तुटतात कशानं? पहिलं कारण केस. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण मॉड्यूल क्रेननं वर काढल्यावर समोर येतं ते दृश्य एकदा पाहावं. पांढऱ्या शेवयांच्या जागी काळपट, ओले दोर. केस, कापसाचे धागे आणि ओल्या वाइप्सचे तंतू मिळून मेम्ब्रेनच्या तंतूंची घट्ट वेणी घातलेली असते आणि तिच्या पोटात गाळ सुकून दगड झालेला. हवेचे बुडबुडे आत शिरू शकत नाहीत, बाहेरचे तंतू ओढले जातात आणि बुंध्याशी तुटतात. हे सोडवताना आणखी तुटतात. इलाज एकच, दोन मिलिमीटरची जाळी शाबूत ठेवायची आणि ती भरून वाहायला लागली म्हणून बायपास उघडायचा नाही. ‘फ्लश करता येतात’ असं पाकिटावर छापलेले वाइप्स सुद्धा कचऱ्यातच टाका.

दुसरं कारण हायपोचा मारा. हजार लिटर पाण्यात ५०० पीपीएमचं (लिटरला ५०० मिलिग्रॅम) द्रावण करायला दहा टक्के ताकदीचं हायपो पाच लिटर लागतं. पण उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद उतरत जाते. मग ऑपरेटर अंदाजानं दुप्पट ओततो, आणि ज्या दिवशी नवा कॅन येतो त्या दिवशी पडद्याला खरोखर दुप्पट मात्रा बसते. वर्षानुवर्षं असं झालं की प्लास्टिक कडक होऊन चिरतं. क्षार काढायला सायट्रिक ॲसिड वापरतात, पण हायपो पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ॲसिड कधीही ओतू नये. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो.

आणि मेम्ब्रेन टाकीत माणूस उतरवणं हा तर शेवटचा उपाय. वायूची तपासणी, हवा खेळती ठेवणं, हार्नेस आणि वर उभा राहिलेला दुसरा माणूस यांतलं काहीही नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा. सांडपाण्याच्या टाकीत एक बेशुद्ध पडला म्हणून वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. गटार आणि सेप्टिक टाकीत संरक्षणाविना माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा ठरवलंय. टाकी एसटीपीची आहे म्हणून विषारी वायू कमी मारत नाही.

एवढा पडदा असताना वर क्लोरीन कशाला?

दोन कारणं. एक, वर पाहिलेला विषाणूंचा कमी लॉग. दुसरं, पडद्यापलीकडची नळी आणि साठवणीची टाकी निर्जंतुक नसते. तिथे बुरशी-शेवाळाचा थर धरतो आणि जीवाणू पुन्हा वाढतात. मेम्ब्रेनजवळ पास झालेला नमुना गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत नापास होतो तो यामुळे. नमुना दोन्ही ठिकाणचा घ्या. फ्लशच्या टाकीत लिटरला निदान अर्धा मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक दिसायला हवं.

इथे रात्रीची वीजबचत आडवी येते. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला की अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू उपाशी राहतात आणि पाण्यात अमोनिया उरतो. अमोनियाच्या एका मिलिग्रॅमला मोकळं क्लोरीन उरण्याआधी आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन खपतं. दहा मिलिग्रॅम अमोनिया असेल तर शंभर मिलिग्रॅमपर्यंत क्लोरीन लागेल, आणि डोसिंग पंप टाकतोय तीन किंवा पाच. क्लोरीनचा वास येत राहतो, कारण अमोनियाशी जुळून झालेली संयुगं वास देतात. पण विषाणूंवर ती फार दुबळी असतात. म्हणजे वाचवलेल्या विजेची किंमत निर्जंतुकीकरण भरतं.

यूव्ही दिवा हा दुसरा पर्याय, आणि एमबीआरच्या नितळ पाण्याशी त्याची चांगली जोडी जमते. क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम यूव्हीपुढे लगेच गारद होतो. यूव्हीला चिवटपणे तोंड देणारा ॲडिनोव्हायरस क्लोरीननं मरतो. म्हणून परवडत असेल तिथे दोन्ही हवेत. यूव्हीचं लक्ष ठेवायचं काम सोपं आहे: काचेच्या नळीवर बोअरच्या पाण्याचे क्षार साचतात ते पुसायचे, आणि दिवा पेटलेला दिसत असला तरी साधारण वर्षभर सलग चालल्यावर बदलायचा. दिसणारा निळा उजेड आणि जंतू मारणारा अदृश्य किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वाळूची गाळणी आणि क्लोरीन यांवर भागलं नसतं?

कित्येक ठिकाणी भागतं. जागा असेल, पाणी फक्त झाडांना ठिबकनं द्यायचं असेल, आणि चालवणारा माणूस नीट असेल तर साधा प्रकल्प, वाळूची गाळणी आणि क्लोरीन पुरेसं आहे. एमबीआर वीज जास्त खातो. मोठ्या प्रकल्पांत हजार लिटरमागे साधारण ०.६ ते १ युनिट, सोसायटीच्या छोट्या प्रकल्पात त्याहून अधिक. सात-दहा वर्षांनी मेम्ब्रेन बदलायचा खर्च वेगळा, आणि तो पहिल्या वर्षापासून बाजूला काढावा लागतो. फायदा असा की गाळ नीट बसला नाही म्हणून पाणी गढूळ झालं, हा साध्या प्रकल्पाचा रोजचा त्रास इथे नसतो. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या क्रीडाग्रामासाठी एमबीआर निवडला, बंगळूरच्या कबन पार्कच्या हिरवळीलाही एमबीआरचंच पाणी जातं. दोन्हीकडे माणसांची वर्दळ मोठी.

अडवलेले जंतू जातात कुठे?

गाळात. पडदा त्यांना मारत नाही, मागे ठेवतो. जंताची अंडी, परजीवी, विषाणू सगळे त्या कॉफीच्या रंगाच्या गाळात एकवटतात. जंताची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. तरीही गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघालेल्या वड्या ‘फुकटचं खत’ म्हणून थेट कुंड्यांत जातात आणि माळी ते उघड्या हातांनी कालवतो. हे थांबायला हवं. त्या गाळाचं कंपोस्ट ढिगाच्या आत ५५ अंशांवर पंधरा दिवस टिकलं आणि त्या काळात ढीग निदान पाचदा उलटा-पालटा झाला तरच तो बागेत घालावा. ढिगात खुपसायचा थर्मामीटर महाग नसतो. हे जमणार नसेल तर गाळ अधिकृत विल्हेवाटीला द्या, आणि तोपर्यंत माळ्याला आणि ऑपरेटरला हातमोजे, बूट आणि साबण सोसायटीनं पुरवावा.

एवढं सगळं केल्यावर हे पाणी पिता येईल का?

नाही. विरघळलेले क्षार, नायट्रेट, औषधांचे अंश पडद्यातून पाण्याबरोबरच जातात. सिंगापूरमध्ये सांडपाणी पिण्याच्या दर्जाचं करतात ते बारीक पडद्यानंतर आरओ आणि त्यानंतर यूव्ही लावून, शिवाय अहोरात्र तपासणी ठेवून. इमारतीच्या तळघरात ती व्यवस्था उभी राहत नाही.

प्यायचं नाही हे सगळ्यांना मान्यच असतं. धोका वेगळ्याच वाटेनं येतो: नळ्यांची चुकीची जोडणी. नेदरलंड्समधल्या उट्रेख्त शहराच्या एका नव्या वसाहतीत घरांना पिण्याचं आणि वापरायचं अशा दोन पाइपलाइन होत्या. २००१ च्या अखेरीस कामाच्या वेळी त्या एकमेकींना जोडल्या गेल्या, वापरायचं पाणी पिण्याच्या नळात शिरलं आणि पोटाच्या विकाराची साथ आली. तिथलं वापरायचं पाणी सांडपाणी नव्हतं, अर्धवट शुद्ध केलेलं पृष्ठभागावरचं पाणी होतं. त्यानंतर डच सरकारनं अशा मोठ्या दुहेरी योजनाच बंद केल्या.

आपल्याकडे ही चूक बहुधा फ्लॅटच्या नूतनीकरणात होते. प्लंबर भिंत फोडतो, जवळची नळी दिसते, तिला वॉशबेसिन किंवा जेट स्प्रे जोडून देतो. जेट स्प्रे फ्लशच्या लाइनवर असणं हा यातला सर्वांत सर्रास आणि सर्वांत वाईट प्रकार, कारण ते पाणी थेट अंगावर येतं.

चुकीची जोडणी शोधायची पुढची चाचणी प्रत्येक नूतनीकरणानंतर आणि एरवी वर्षातून एकदा करावी. आधी गच्चीवर जाऊन बघा: ताज्या पाण्याचा नळ फ्लशच्या टाकीत पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत संपतो की पाण्यात बुडालेला आहे? बुडालेला असेल तर आधी तो कापून वर घ्या, नाहीतर दाब पडला की टाकीतलं पाणी उलटं ओढलं जाईल. मग फ्लशचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून प्रत्येक घरात फ्लशच्या टाक्या रिकाम्या करा. आता स्वयंपाकघर, बेसिन, शॉवर, वॉशिंग मशीन आणि जेट स्प्रे एकेक करून उघडा. यातलं जे कोरडं पडेल ते फ्लशच्या लाइनवर आहे. त्यानंतर उलटं करा, ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद ठेवून फ्लशचा उघडा, आणि ज्या नळाला तरीही पाणी येतंय त्याच्यावर खूण करा.

हातात टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असेल तर काम आणखी सोपं. घरगुती वापरानंतर पाण्यातले हे क्षार लिटरला साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅमनं वाढतात आणि एमबीआर ते काढत नाही. त्या दिवशीच्या ताज्या पाण्याचा आकडा तळटाकीपाशी घ्या, फ्लशच्या पाण्याचा आकडा घ्या, आणि मग नळ तपासत चला. तो आकडा त्याच दिवशीचा हवा, कारण टँकर बदलला की ताज्या पाण्याचा टीडीएसही बदलतो. बेसिनच्या नळाचा आकडा फ्लशच्या आकड्याशी जुळला, तर त्या फ्लॅटचं पाणी तिथल्या तिथे बंद करून प्लंबरला बोलवा, आणि नळी सुटी केल्यावर लाइन क्लोरीन घालून धुतल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नका.